मामा उडाले

मी आज जो काही आहे तो माझ्या मामीमुळे. ती चौथी शिकलेली. मी मात्र तिच्या घरी, कुहीजवळच्या खेड्यात राहून घराण्यातला पहिला पदवीधर झालो, तोही प्राणिशास्त्राचा. पण पक्षी ओळखायला शिकलो ते तिच्या मागे धानाच्या बांधावरून चालताना. "माणूस कायच्यावरून ओळखतो आपण?" ती विचारायची. "कपडे, बसाची जागा अन् खोडी. पाखराचंही तसंच हाय."

आणि मग ती पाखरांना नात्यातली नावं द्यायची. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत म्हशीमागे फिरणारा, तिच्या पायांनी उडालेले किडे आयते गिळणारा गायबगळा म्हणजे जावई. सातभाई झुडपात कलकलाट करतात आणि एक उडाला की सगळे त्याच्या मागे. मामीच्या मते भाऊ एवढे बोलत नाहीत; त्या सात जावा आहेत.

ढोकरी म्हणजे मामा. हा मातकट बगळा मान खांद्यात घालून बांधावर असा बसतो की जवळ जाऊनही दिसत नाही. उडाला की एकदम पांढरे पंख उघडतात. "काम निघालं की दिसत नाही," मामी म्हणायची, "अन् पंगत बसली की पांढरा सदरा घालून सर्वायच्या पुढं." उन्हाळ्यात ढोकरीच्या पाठीवर मरून रंग चढतो. मामांचं लग्नसराईतलं जाकीटही मरून आहे. आता याला कोणी काय करावं?

मामांना यातलं काही माहीत नव्हतं आणि कळू देणं परवडणारंही नव्हतं. ते रुसले की बोलत नाहीत, ताट बाजूला सारतात. मागचा रुसवा पोळ्याला सुरू झाला होता, तो दिवाळीच्या फराळावर सुटला. तोवर घरात मामीचाही घास घशाखाली उतरत नव्हता.

आता मी नागपुरात शिकवतो आणि रविवारी सकाळी काही हौशी मंडळींना गोरेवाड्याच्या तलावावर पक्षी दाखवायला नेतो. पुस्तकातली नावं त्यांच्या लक्षात राहत नव्हती. मामीची एका फेरीत पाठ झाली.

गेल्या उन्हाळ्यात धंतोलीच्या दवाखान्यात मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. म्हशीपायी मामी गावीच राहिली आणि मामा माझ्याकडे. काळा चष्मा लावून ते नव्या डोळ्यानं सारं नागपूर तपासत होते. रविवारी म्हणाले, "मीही येतो गा." नाही कसं म्हणणार?

तलावाशी पोचलो नाही तोच आमच्यातल्या बँकवाल्या मॅडम ओरडल्या, "ते पाहा, मामा बसलेत!"

मामा दचकले. ते तर उभे होते.

"चिखलात आहेत. काही काम नाही, नुसते टपून बसलेत. अरे, उडाले! मामा उडाले!"

मामांनी चष्मा वर केला. "काहून गा," ते हळूच म्हणाले, "हे लोकं माह्यं नाव काहून घेऊन राहिले?"

"तुमचं नाही मामाजी. त्या पाखराचं."

"पाखराचं नाव मामा?"

"नाही, पुस्तकात वेगळं आहे."

"काय हाय पुस्तकात?"

ढोकरी म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण मी पडलो पदवीधर. तोंडातून छापील नाव निघालं, "वंचक."

"म्हणजे?"

"फसवणारा," मॅडमनी मदत केली.

पाखरू पुन्हा काठावर उतरलं होतं. मामा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. खांद्यात घातलेली मान पाहिली. मग पाठीचा मरून रंग पाहिला.

"हे तुह्या मामीचं काम हाय."

मला बाजूला सारलेलं ताट दिसू लागलं होतं.

"अन् ती सोता कोण?"

हे मलाही ठाऊक नव्हतं. मामीनं साऱ्या गोतावळ्याला पंख लावले होते, फक्त स्वतःला सोडून. तसं मी सांगितलं.

तेवढ्यात पलीकडच्या मुरमाड जागेवर टिटवीनं आकांत मांडला. आमच्या डोक्यावर घिरट्या घालायची, पुढं जाऊन उतरायची, पुन्हा ओरडायची. मॅडम तिच्या दिशेनं अंडी शोधायला निघाल्या.

"तिकडं काही नाही बाई," मामांनी त्यांना थांबवलं. "जिकडं कल्ला, तिकडं अंडी नसते. अंडी मांगं हाय, जिकडं ते पाहूनही नाही राहिली." मग माझ्याकडे वळले. "घे. हे तुही मामी." आणि असे हसले की चष्मा हातानं धरावा लागला.

गावच्या घरात मोबाइल एकच, तोही मामांच्या खिशात. म्हणून त्याच दुपारी मी पत्र लिहिलं.

"मामी,

मामांना ढोकरी कळली. घाबरू नको, रुसले नाहीत. दुपारी भात मागून घेतला. जावई आणि जावा अजून सुरक्षित आहेत. विचारलं तर मला काही माहीत नाही, तुलाही नाही.

त्यांनी तुला टिटवी केलं आहे. घरी आल्या आल्या सांगतील. पहिल्यांदाच ऐकते आहेस असं दाखव आणि थोडी चिड. त्यांना बरं वाटेल.

दहावीनंतर मामा मला धानाच्या गिरणीवर लावणार होते. तेव्हा तू रोज सकाळी म्हशीच्या पाण्यावरून गोठ्यात मामांशी भांडण काढायचीस आणि मी पुढच्या दारानं दप्तर घेऊन बस गाठायचो. मला वाटायचं, मामीचा म्हशीवर फार जीव. कल्ला गोठ्यात होता आणि अंडं पुढच्या दारातून कॉलेजला चाललं होतं, हे मला आज तलावावर समजलं.

पण मामी, जिकडं कल्ला तिकडं अंडी नसतात, हे मामा कुठं शिकले असतील? मला वाटतं, गोठ्यातच. सारं दिसत असून ते मान खांद्यात घालून बसून राहिले. पुस्तकात ढोकरीचं नाव वंचक, म्हणजे फसवणारा. ते अगदीच चुकलेलं नाही.

हे मात्र त्यांना सांगू नको.

तुझा भाचा"