नागम्माचा शेक

नळदुर्गाजवळच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या नागम्माचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. लोकर कातरायला आलेल्या माणसाची पिशवी ती उलटी करून बघायची. लस टोचायला सरकारी माणूस आला, की त्याला बाटलीवरची तारीख मोठ्यानं वाचायला लावायची. "सासू न्हाय, फौजदार हाय," असं तिची सून शिवकांता हसत म्हणायची. पण एखादं कोकरू मेल्यागत जन्मलं, की माळावरचे सगळे धनगर नागम्मालाच हाक मारायचे. ती त्याच्या नाकातली चिकटी पुसायची, घोंगडीच्या तुकड्यानं खसाखसा चोळायची, चुलीपाशी धरायची. कोकरानं श्वास घेतला, की म्हणायची, "ऊब लागली की जीव माघारी येतोय." तीस वर्षं तिचं हेच चाललं होतं.

म्हणून तर त्या दिवशी तिचं डोकंच फिरलं.

शिवकांता तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. पोरगी झाली, पण नाळेचे दोन वेढे गळ्याला. रडलीच नाही. तोंडावर पंप दाबून दाबून कसाबसा श्वास आला, तरी हातपाय चिंधीसारखे लोंबत होते. शिवकांताला तिच्या आईपाशी ठेवून नागम्मा आणि तिचा लेक भीमाशंकर पोरीला घेऊन अॅम्ब्युलन्समधून शहरातल्या लेकरांच्या दवाखान्यात पोचले. आणि तिथल्या रणधीर डॉक्टरांनी काय करावं? पोरीला उघडं केलं आणि गार गादीवर निजवलं! तीन दिवस असंच ठेवायचं म्हणे, यंत्रावरचा अंगाच्या तापमानाचा आकडा साडेतेहतीसच्या वर जाऊ द्यायचा नाही.

"कशावर सही केलीस रं?" तिनं लेकाला विचारलं.

"आये, मेंदू वाचवायला गार ठेवत्यात म्हणं."

"गार पडतंय ते मढं! बाळंतिणीच्या खोलीच्या फटी चिंध्या कोंबून बुजवतो आपण, आन् ह्ये लेकराला गारठवत्यात?"

काचेआडून ती टक लावून बघत बसली. शेजारच्या लेकराच्या डोक्यावर उबेचा दिवा, आणि आमचीला गारठा. का? आम्ही धनगर म्हणून? का आमच्या पोरीवर ह्यांना काही शिकायचंय? पोरीजवळची ती अर्पिता सिस्टर घडीघडी काय लिहिते? माझ्याकडं बघून हसली ती कशापायी? नागम्माला हसणारी माणसं आधीच खपत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घटकाभर आत सोडणार होते. तिनं काय करावं? कोकरं चोळायचा घोंगडीचा तुकडा तिच्या पिशवीत कायम असायचा. तो तिनं बाहेरच्या चहावाल्याच्या किटलीवर चांगला तापवला, फडक्यात गुंडाळून पोलक्यात खोचला आणि हात धुऊन, वरनं दवाखान्याचा झगा चढवून आत गेली. पोरीचा पाय आडातल्या दगडासारखा गार लागला. सिस्टर दुसऱ्या लेकराकडं वळली तशी तिनं गुंडाळी पोरीच्या कुशीला सारली आणि आपण आडोसा धरून उभी राहिली. "घे माझे बाय, ऊब घे."

दहा-पंधरा मिनिटं गेली. आकडा चढत चढत साडेचौतीसला पोचला आणि यंत्र ओरडायला लागलं. नागम्मानं झटकन तुकडा पोलक्यात कोंबला.

सिस्टर धावत आली. वायरी तपासल्या, जागच्या जागी होत्या. डॉक्टर आले. "गादी नीट चालतीये, मग अंग कशानं तापलं? रक्तात जंतू गेले असतील. रक्त काढा, पाठीतलं पाणीही काढावं लागेल." सिस्टरनं ट्रेमधली सुई उचलली. पोरीची इवलीशी पाठ आणि ती लांब सुई. नागम्माला ते बघवेना.

"थांबा!" ती ओरडली. पोलक्यातनं तुकडा काढून तिनं समोर धरला. "जंतू न्हाईत. ह्यो हाय. म्याच शेक दिलाय."

आता शिव्या पडणार म्हणून तिनं मान खाली घातली. डॉक्टरांच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती, पण सुई त्यांनी खाली ठेवायला लावली.

"आजी, श्वास अडला तेव्हा मेंदूला मार बसला. श्वास आला की संपलं असं वाटतं. पण आतली नासधूस पुढं दोन-तीन दिवस चालूच राहते. गारव्यानं ती मंदावते."

नागम्मानं हातातल्या तुकड्याकडं बघितलं. तिला कोकरं आठवली. चुलीपाशी श्वास घेतलेली आणि दुसऱ्या दिवशी गोल गोल फिरणारी, आईचं थान न सापडणारी. नजर लागली म्हणायची ती. श्वास आला की आपलं काम झालं, असंच तिला वाटत आलं होतं.

"मग म्या किती नासलं, डाक्टर?"

"थोडाच वेळ होता. फार नसावं. पण खात्री नाही देता येत. पोरगी वाढेल तसं कळेल."

तिसऱ्या दिवशी पोरीला तासाला अर्धा अंश अशी सावकाश ऊब द्यायला लागले, तेव्हा नागम्मा काचेवर हात ठेवून पुटपुटत होती, "दमानं, बाबांनो, दमानं." पुढं शिवकांताही तिथं आली आणि आठवड्याभरात पोरगी आईला प्यायला लागली. शिवकांता रडली, भीमाशंकर रडला. नागम्मा मात्र पोरगी दूध नीट ओढते का, म्हणून तिच्या जबड्याकडं डोळे बारीक करून बघत होती.

तेव्हापासून तिचा बाकी सगळ्या जगावरचा संशय आटला आणि एकट्या स्वतःवर येऊन बसला. पोरगी मान धरते का? डावी मूठ उजवीइतकी घट्ट आहे का? दर तपासणीला डॉक्टर "छान" म्हणायचे आणि ती घरी येऊन पुन्हा खुळखुळा वाजवून बघायची.

अकराव्या महिन्यात पोरगी रांगत रांगत मेंढरांच्या वाड्यात शिरली आणि तिनं एका कोकराचा कान डाव्या हातानं असा धरला, की ते बें बें करायला लागलं. नागम्माला राहवलं नाही.

"शिवकांते, तुझ्या लेकीला म्या चोरून शेक दिला हुता. दवाखान्यात. तुला सांगायचं धाडस झालं न्हाय."

"ठाव हाय, आत्या. ह्यांनी त्याच दिवशी फोनवर सांगितलं."

"मग येवढे दिस बोलली न्हाईस?"

"लई राग हुता. पोरीला तुमच्याजवळ एकटं ठिवलं न्हाय म्या कवा, ध्यानात न्हाय आलं?"

फौजदारणीच्या ते ध्यानात आलं नव्हतं. खरंच की, पोरगी मांडीवर असली की सून जवळपासच असायची, काही ना काही काम काढून.

"तुमी सवताहून कवा सांगताय, ती वाट बघत हुते," शिवकांता म्हणाली. मग तिनं पोरीला उचललं, सासूच्या मांडीवर ठेवलं, घागर घेतली आणि पाण्याला गेली. मागं वळून बघितलं नाही.