मावशींची खरी मापं

मावशींच्या शिलाईच्या दुकानात प्रत्येक कमरेची दोन मापं असत. एक गिऱ्हाइकाला ऐकवायचं आणि एक खरं. टेप गुंडाळली की मावशी मोठ्याने म्हणत, "कंबर तीस!" पलीकडे बसलेले त्यांचे यजमान वहीत इमानेइतबारे तीस लिहीत आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाई. मग मावशी संगणकासमोर बसत. तक्त्यात 'ऐकवलेलं' या रकान्यात तीस भरत, 'खरं' या रकान्यात पस्तीस. कापड बेतायचं ते दुसऱ्या रकान्यावरून. मावशींच्या हातचा कपडा अंगाला बसतो आणि वर माणसाला बारीकही करतो, असा त्यांचा लौकिक होता. अकरा वर्षांत चारशे बारा माणसं अशी बारीक झाली होती. यजमानांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचं स्वतःचं मापही त्याच तक्त्यात होतं.

एका सोमवारी सकाळी संगणकातून टक्‌ टक्‌ आवाज यायला लागला. मावशी तेलाची बुदली घेऊन उठल्या.

"अगं, शिवणयंत्र आहे का ते?" यजमान ओरडले.

"आत सुई पट्टीला लागतेय. आवाज ओळखते मी."

तेवढ्यात पडदा काळा झाला. पुन्हा चालू केला तर उघडायला पाच मिनिटं लागली आणि परत काळा. तिसऱ्यांदा बटणाकडे गेलेला हात मात्र मावशींनी मागे घेतला. सुई लागत असताना पाय मारत राहिलं की कापड फाटतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"एवढं काय घाबरायचं?" यजमान वही थोपटत म्हणाले. "सगळं आहे की यात. अक्षर बघ, मोत्यासारखं!"

शनिवारपर्यंत एकतीस कपडे द्यायचे होते. वहीवरून बेतले असते तर एकतीसच्या एकतीस माणसं कमरेपाशी अडकून पडली असती. सगळ्यांना परत मापाला बोलवावं, तर यजमानांच्या "वही आहे ना?" याला उत्तर काय द्यायचं?

राहिला संगणक दुरुस्त करणारा. हाताला हुशार, पण तोंडाचा फाटका, आणि ते काही मावशींना शिवता येण्यासारखं नव्हतं. तरी नाइलाजाने त्यालाच बोलावलं. त्याने डबा उघडला, क्षणभर चालू केला, कान लावला आणि लगेच बंद केला.

"परत परत चालू केला नाहीत ते बरं केलंत, मावशी. ही हार्ड डिस्क. आत तबकडी फिरते आणि तिच्यावरून सुईसारखं टोक सरकतं. ते अडखळतंय."

मावशींनी यजमानांकडे एकदा नीट बघून घेतलं.

"दुसरी प्रत आहे ना?"

"आहे तर! एक सी ड्राइव्हमध्ये, एक डी ड्राइव्हमध्ये."

त्याने कपाळाला हात लावला. "अहो मावशी, ते एकाच पर्सचे दोन कप्पे! पर्सच हरवली तर?" त्याने डिस्क काढून सोबत आणलेल्या लॅपटॉपला जोडली. "सगळं एका दमात काढायला गेलो तर मध्येच मान टाकेल. आधी काय वाचवू?"

"एकच तक्ता," मावशी पुटपुटल्या. "'जुने नमुने' नावाचा."

एवढासा तक्ता, पण यायला चाळीस मिनिटं लागली. तो माउसकडे वळला, तशा मावशी अस्तराचं कापड घेऊन पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

"उघडायचा नाही!"

"न उघडता कसं कळणार? कधी कधी नुसतं नावच येतं, आत भोपळा. तुम्ही ट्रायल न घेता कोट देता का?"

अस्तर खाली आलं आणि तक्ता उघडला.

मावशींची पद्धत अशी, की सगळ्यात नवीन गिऱ्हाईक सगळ्यात वर. गेल्या महिन्यात मेहुणीच्या लग्नासाठी सूट शिवून घेतला होता तो यानेच. लग्नात शेरवानीवाल्या साडूपासून फोटोग्राफरपर्यंत सगळ्यांना त्याने ऐकवलं होतं, "बारा वर्षांत कंबर तसूभर हललेली नाही!" पहिल्या ओळीत लिहिलं होतं: संगणकवाला, कंबर, ऐकवलेलं चौतीस, खरं चाळीस.

त्याने नकळत पोट आत घेतलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काय रे, आलं का नीट?" यजमानांनी लांबूनच विचारलं.

"आलं काका. अगदी... खरंखरं आलं."

त्याने घाईघाईने तक्ता बंद केला, कोणी न सांगता त्याला पासवर्ड घातला आणि तो मावशींच्या कानात सांगितला. एक प्रत मावशींच्या संगणकात बसवलेल्या नव्या डिस्कवर घेतली, दुसरी एका वेगळ्या छोट्या डिस्कवर.

"ही छोटी इथे ठेवू नका," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आग लागली, पाणी शिरलं, तर दोन्ही जातील. दुसऱ्याच छपराखाली हवी. भरवशाचं कोण आहे?"

"तुझ्याच कपाटात ठेव."

"माझ्यावर एवढा विश्वास, मावशी?"

"तुझ्यावर नाही रे. तुझ्या कमरेवर."

शनिवारी एकतीस कपडे गेले, एकही परत आला नाही. संध्याकाळी यजमान वही घेऊन समोर उभे राहिले. "अगं, त्या तक्त्यात माझं पण माप आहे का? बरीच वर्षं झाली, एकदा परत घे."

मावशींनी टेप गुंडाळली, डोळे बारीक करून आकडा वाचला आणि मोठ्याने म्हणाल्या, "बत्तीस!"

यजमानांनी तो मोत्यासारख्या अक्षरात लिहून घेतला. मावशी संगणकासमोर जाऊन बसल्या.