पोटातली चुंबकं आणि नवरात्रीची सवाष्ण

माझी बायको जाडी होती. लोक तोंडावर "अंगानं भरलेली" म्हणायचे, पण होती जाडीच. तिला साखर होती. सुया टोचून पोट निळं पडलेलं आणि डाव्या पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. साखर उतरली नाही तर पाय जाणार, असं डॉक्टरनं तिच्यासमोरच सांगितलं.

त्याच दवाखान्यात जाड्या माणसांवर एक नवी चाचणी चालली होती. नळीनं आतड्यात दोन लोहचुंबकं सोडायची, एक वर, एक खाली. ती एकमेकांना ओढून धरतात, मधलं कातडं दाबून मरतं, तिथं भोक पडतं आणि अन्नाला जवळची वाट होते, त्यानं साखर उतरावी. मग चुंबकं शौचातनं आपोआप बाहेर पडतात. कापाकापी नाही. "खात्री नाही अम्मा, अजून बघतोय," असं त्या पोरगेल्या डॉक्टरनं कन्नडात परत परत सांगितलं. ही म्हणाली, "मला पाय पाहिजे." आणि सही केली.

चुंबकं आत गेली. बाहेर पडेपर्यंत पातळच खायचं. तांदळाची गंजी, ताक, सार.

त्यातच नवरात्र आलं. येलवालला माझ्या थोरल्या भावाकडं इकडच्या रीतीनं बाहुल्या मांडतात आणि सवाष्ण जेवू घालतात. आमच्यात सवाष्ण बाहेरची नाही, घरचीच धाकटी सून, म्हणजे ही. तिनं पुरणाची पोळी खाल्ल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. ती न जेवता उठली तर त्या वर्षीची पूजा वाया.

"मी सारच घेईन, अक्का," हिनं आधीच फोनवर सांगितलं होतं.

"ये तर तू," वहिनी म्हणाली.

आम्ही उंबऱ्यात पाय ठेवला तोच वहिनी ओरडली, "अय्यो, आली बघा लोखंडवाली!" बायका खिदळल्या. वहिनीची सून आतनं चमचा घेऊन आली. "थांबा काकू, चिकटतो का बघू." तिनं लुगड्यावरनंच पोटाला चमचा लावला. तो खाली पडला.

"एवढ्या चरबीतनं कुठलं ओढतंय ते!" वहिनी म्हणाली.

हीसुद्धा हसली. सणाच्या दिवशी सवाष्णीनं डोळ्यांतनं पाणी काढायचं नसतं.

पान मांडलं. हिनं सार मागितलं.

"ऊठ उपाशी," वहिनी म्हणाली. "माझी नातवंडंपण राहतील उपाशी. जन्मभर दोघांचं गिळलंस, आज देवीच्या नावाची पोळी तेवढी जड झाली?"

मी म्हणालो, "साकु वहिनी, पुरे. डॉक्टरनं..."

"भावजी, बायकांच्यात तुम्ही सुम्ने गप बसा."

हिनं माझ्याकडं बघितलं. "गप बसा हो तुम्ही." आणि पोळी मोडली. वहिनीनं दुसरी वाढली, वर तुपाची धार. तीही खाल्ली. तिसरीही. घास घेताना तिनं वहिनीच्या तोंडावरची नजर हलवली नाही.

परतताना बसमध्येच ती ओकायला लागली. बस थेट दवाखान्याच्या स्टॉपवर सोडली. फोटोत चुंबकं एकमेकांपासनं सुटलेली दिसली, भोक पडलंच नव्हतं. नळीनं दोन्ही काढून घेतली.

"जेवल्यानं झालं का?" हिनं विचारलं.

"सांगता येत नाही अम्मा. न जेवताही होतं काहींचं."

"मग परत घाला."

"या चाचणीत एकदाच घालतात."

रिक्षात बसल्यावर म्हणाली, "पोळीत वेलदोडा फार घातला होता मेलीनं."

संक्रांतीच्या आधी पाय कापला. त्यानंतर ती फार दिवस टिकली नाही.

पाय कापल्यावर वहिनी एकदाही बघायला आली नव्हती. मेल्यावर आली. हिरवं लुगडं घेऊन आली, ओटी भरली, मळवट भरला, गळा काढला. "भाग्याची गं बाई, कुंकवासकट गेली!" मग गल्लीतल्या बायकांना हाक मारली, "या गं, सवाष्णीच्या पाया पडा, रांगेनं या." आणि स्वतःच पुढं होऊन पायावरची चादर वर केली.

हात तसाच चादरीला धरलेला राहिला.

"पडा की वहिनी," मी म्हणालो. "एकच आहे. रांग लवकर सरेल."