आईनं घेतलेलं नाव

संत्रं सोललं की त्या वासानं ती सकाळ आठवते. नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं त्या सुमारास, आईची माहेरची बाग बळकावायला मामानं डॉक्टर आणला. म्हणे बहीण म्हातारी झाली, तिचं डोकं चालत नाही. डॉक्टरनं दाखवलेला अडकित्ता, कंदील, चाळण, सगळं आईनं धडाधड ओळखलं. मग त्यानं ओट्यावरच्या बाबांचं नाव विचारलं. आई गप्प. “पाहा, नवऱ्याचं नावही इसरली!” मामा म्हणाला. मी भडकून उठलो. “बस रे, उखाणा जुळवून राहिली,” आई म्हणाली आणि पदर सावरला. “संत्र्याच्या बागेला काट्याचं कुंपण, भावाच्या डोळ्यात बागेचं सपन...” आणि ठसक्यात बाबांचं नाव! डॉक्टर हसला, मामानं टोपी उचलली. मामाशी मी पुन्हा बोललो नाही. पुढे व्यापारात सौदे पुष्कळ जिंकले, पण तो ठसका मला कधी साधला नाही.