आयच्या मापाचा ब्लाउज

"हा ब्लाउज आहे की गादीचा अभ्रा?"

मॅडमनी मॉडेलच्या खांद्यावरून घसरलेला माझा ब्लाउज दोन बोटांत धरला आणि सगळ्यांसमोर विचारलं. फॅशन डिझाइनचं आमचं शेवटचं वर्ष. खारघरचं कॉलेज. शो सुरू व्हायला तास उरला होता. पडद्यामागच्या त्या खोलीत आमचा अख्खा वर्ग होता, मुंबईहून आणलेल्या मॉडेल होत्या, मेकअपवाल्या होत्या. सगळ्या हसल्या. ती मॉडेलही हसली. बिचारीच्या अंगात दोघी मावतील एवढा तो ब्लाउज होता.

"कुणाच्या मापानं शिवलास?"

"आईच्या."

हसू आणखी वाढलं.

"काय करते आई?" हे पाहुण्या बाईंनी विचारलं. त्या मोठ्या डिझायनर. बक्षिसं त्याच ठरवणार होत्या आणि त्यांच्या स्टुडिओत एकीला नोकरीही त्याच देणार होत्या.

"मिठागरात आहे."

"मग हे लेबरवेअर झालं," त्या म्हणाल्या. "युनिफॉर्मची कामं छान मिळतील तुला."

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. हसतच बोलल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून. त्या हातासकट मी उभी राहिले. मान खाली. बाकीच्या मुलींच्या चपला दिसत होत्या तेवढ्याच.

आणि माझी आय दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. ती माझी आई हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी डोक्यावरून न्हाली होती. केसात अबोलीचा गजरा. मिठाचा हंगाम भरात असताना मुकादमाच्या हातापाया पडून तिनं एका दिवसाची सुट्टी काढली होती. कारण तो ब्लाउज ती घालणार होती. मीच तिला तसं सांगितलं होतं.

हे कसं झालं ते सांगते. चूक माझीच होती, पण ती चूक माझ्यासारख्या घरातली मुलगीच करणार.

कॉलेजात कपडा शिवायचा म्हणजे आधी डमीवर, म्हणजे कापडी पुतळ्यावर, चढवून बघायचा. वर्गात डमी पाच, मुली पंचवीस. ज्या मुलींची घरं तिथल्या टॉवरमध्ये होती त्यांच्या बेडरूममध्ये स्वतःच्या डमी होत्या. माझं घर पनवेलच्या पुढं, खाडीकडच्या गावात. माझी डमी म्हणजे आय. दिवसभर मिठाच्या पाट्या वाहून ती घरी यायची, हातपाय धुवायची आणि माझ्यासमोर हात पसरून उभी राहायची. मी टाचण्या लावायचे. ती उभ्या उभ्या पेंगायची. टाचणी टोचली की डोळे उघडून म्हणायची, "टोच गो. मना नाय लागत."

कॉलेजच्या कागदी पॅटर्नवर शिवलेला पहिला ब्लाउज तिच्या दंडावरून वर सरकेचना. पाटी डोक्यावरून उतरवताना हात जसे वर जातात तसे तिनं केले आणि बगलेतला मुंढा टरकन फाटला. तिला वाटलं तिनं नुकसान केलं. "माजं अंगच वंगाळ," असं म्हणाली. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की अंग वंगाळ नाही, पॅटर्न वंगाळ आहे. तीन वर्षांत मी स्वतःच्या डोक्यानं शिकलेली गोष्ट एवढी एकच.

म्हणून शेवटच्या कामाला मी मिठागर हाच विषय घेतला. पाठीमागे कर्नाळ्याचा सुळका, पुढे मिठाचे ढीग आणि आमच्या बायका, असे फोटो बोर्डवर चिकटवले. मॅडम खूश. "किती सुंदर टेक्स्चर आहे हे, किती पांढरं." मला वाटलं, विषय पास म्हणजे बायकाही पास. मी जाड पांढरं सूत घेतलं, बगलेत चौकोनी जोड दिला, हात पूर्ण वर जाईल असा मुंढा रुंद कापला. फॉर्ममध्ये 'मॉडेलची मापं' असा रकाना होता. बाकीच्यांनी तक्त्यातली मापं उतरवली. मी आयची लिहिली. छाती, खांदा, दंड, सगळी खरी. मॅडमनी न वाचता सही केली. मॉडेल कॉलेजच आणतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांच्या ताया, मैत्रिणी त्याच कॉलेजात शिकून गेल्या होत्या त्यांना. आमच्या घरात अशी कोण होती?

तर त्या खोलीत मॅडमनी टेबलावरच्या डब्यातून क्लिपा काढल्या. काळ्या, लोखंडी, ऑफिसात कागदांना लावतात तशा. माझ्या हातात दिल्या. "मागून आवळ. पुढून कोण बघतंय?"

मी आवळला. माझ्याच हातानं. रुंद कापलेला मुंढा चिमटीत धरून मागे दुमडला, बगलेतला जोड आत खुपसला आणि एकेक क्लिप लावत गेले. सहा क्लिपा लागल्या. आय स्टुलावरून बघत होती. थोड्या वेळानं उठून बाहेर गेली आणि खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत बसली.

शो झाला. रॅम्पच्या दोन्ही कडांना मीठ पसरलं होतं. मॅडमच्या सांगण्यावरून मिठाच्या दोन गोणी आय आणि मी सहा आसनी रिक्षाच्या टपावर बांधून आणल्या होत्या. दिव्यांत ते मीठ काय चमकत होतं. माझी मॉडेल पाठ न वळवता, क्लिपा लपवत, उलट्या पावलांनी मागे गेली. लोकांना ती स्टाइल वाटली. टाळ्या पडल्या. मला दुसरं बक्षीस मिळालं. पाहुण्या बाईंनी माइकवर सांगितलं की मिठागरातल्या कष्टकरी बायकांचं सौंदर्य या मुलीनं जगासमोर आणलं. नोकरीही मलाच. पुन्हा टाळ्या.

फोटोसाठी आम्हाला स्टेजवर बोलावलं. खाली मीठ बुटांखाली चिरडून सगळीकडे पसरलं होतं. मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं. त्यांना नऊवारीतली एक बाई दिसली. "मावशी, जरा हे झाडून घ्या ना," असं म्हणून कोपऱ्यातला झाडू त्यांनी तिच्या हातात दिला.

आयनं झाडू घेतला.

ती वाकून झाडत होती. आपल्याच हातानं भरून आणलेलं मीठ. मी वर, हातात फुलांचा गुच्छ. आमच्यात दहा पावलांचं अंतर. तेवढ्यात मॅडम माझ्याकडे वळून प्रेमानं म्हणाल्या, "अगं, तुझी आई आली असेल ना? बोलव तिला, फोटोत घेऊ."

आयचा झाडू थांबला. तिनं वर पाहिलं नाही. ऐकत होती.

मी म्हणाले, "गेली घरी."

हे दोन शब्द मी बोलले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. लाज वाटली, एवढंच खरं. मॅडमची नाही, आयची लाज वाटली. झाडू पुन्हा सुरू झाला.

परतीच्या रिक्षात आम्ही समोरासमोर बसलो होतो. पनवेल आलं तेव्हा तीच म्हणाली, "बरा केलास. झाडू हातान असताना कसला फोटू." मी रडायला लागले तर म्हणाली, "रडू नको. लोक बगतान." आणि केसातला गजरा काढून तिनं पिशवीत टाकला. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं मला समजून घेतलं. ते मला आजही सोसत नाही.

पावसाळा लागला तेव्हा पाहुण्या बाईंचा फोन आला. तो ब्लाउज लहान मापात बसवून आण, त्याच मापात पुढचे वीस करू, म्हणाल्या. "बगलेतलं ते जाडजूड काढून टाक. बाकी फील तोच ठेव." मी हो म्हणाले. खोटं कशाला सांगू, आनंदानं म्हणाले. माझ्या बॅचमध्ये तशी नोकरी कुणालाच मिळाली नव्हती.

ब्लाउज आणायला कॉलेजात गेले. तो ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात लावला होता. सगळ्यात बारीक डमीवर. समोर पाटी: मिठागरातल्या स्त्रियांना अर्पण. मी कपाटाच्या मागच्या बाजूला गेले. सहाही क्लिपा तशाच होत्या. घट्ट. दमट हवेनं त्यांना गंज चढला होता आणि तो पांढऱ्या सुतात उतरला होता.

तिथं काहीतरी झालं. मोठं काही नाही. आय टाचण्या सोसत उभी राहायची ते आठवलं, आणि त्या डमीला काहीच टोचत नाही याचा भयंकर राग आला. मी कपाट उघडलं. शिपाई म्हणाला, "ओ ताई, हात लावायचा नाही." मी एकेक क्लिप काढली. ब्लाउज डमीवरून खाली घसरून पडला. मी तो पिशवीत भरला. आत जाऊन सहा क्लिपा मॅडमच्या टेबलावर ठेवल्या.

"मॅडम, ह्या तुमच्या."

"आणि ब्लाउज? तो कॉलेजचा आहे. तसा नियम आहे."

"तो आयचा आहे."

घरी म्हणते तसं, त्यांच्यासमोर आय म्हणाले. पहिल्यांदाच. कॉलेजनं माझं सर्टिफिकेट अडवलं, ते अजून मिळालेलं नाही. स्टुडिओला मी नाही म्हणून कळवलं. त्यांनी का म्हणून विचारलंही नाही. त्याच वर्षी तसेच पांढरे ब्लाउज त्यांच्या दुकानात लागले. बगलेतला जोड नव्हता. मी काय करणार होते? तो ब्लाउज माझ्या डोक्यातला, याचा माझ्याकडे कसला कागद होता?

त्याला आता बरीच वर्षं झाली. पनवेलच्या बाजारामागच्या गल्लीत माझं एक मशीन आहे. उसवलेलं शिवते, फॉल लावते, बायकांचे ब्लाउज शिवते. बरोबरच्या मुली कुठल्या कुठे गेल्या. मी तिथंच आहे. आयनं तो ब्लाउज एकदाही घातला नाही. कामावर मळेल म्हणते. गंजाचे डाग गेले नाहीत.

पण माझ्याकडे मापाचा तक्ता नाही. बाई समोर उभी करते, तिला हात वर करायला सांगते, मग कात्री लावते. कुणाचंही अंग कपड्यात कोंबायला मी पुन्हा क्लिप लावणार नाही.

आणि कुणीही, कुठंही, कितीही लोकांत विचारू दे, आई कुठे आहे म्हणून. मी बोट दाखवीन. तिच्या हातात झाडू असला तरी दाखवीन.