कळलं तर, कळलं की

भोरच्या हायस्कुलातून मॅट्रिक झालो आणि त्याच वर्षी वेल्ह्याच्या मराठी शाळेत मास्तर म्हणून लागलो. महायुद्ध ऐन भरात होतं. तोरण्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची बरीच पोरं पलटणीत गेली होती आणि त्यांच्या घरी अधूनमधून टाइप केलेले इंग्रजी कागद यायचे. कचेरीत इंग्रजी जाणणारा एक कारकून होता, पण त्याच्यापुढं उभं राहायला लोक बिचकत. त्यामुळं बाजारच्या दिवशी शाळा सुटली की ओसरीवर चार-पाच जण कागद घेऊन बसलेले असत.

त्या कागदांत ‘इफ्’ फार असायचं. पत्ता बदलला असेल तर कळवा. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर अमक्या साहेबांना लिहा. हायस्कुलात हे ‘इफ्’चं वाक्य आमच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं, की त्याचं मराठी करायला मला क्षणभरही थांबावं लागत नसे. ‘तर’ घातलं की काम झालं. लोक मान डोलवत आणि कागदाची घडी करून निघून जात. त्या सगळ्या वर्षांत मी एकाच वाक्याचं मराठी चुकीचं केलं. ते चुकून झालं नव्हतं.

डोंगरातल्या एका वस्तीवरून एक बाई यायची. चार गुरं, थोडी शेरडं, नवरा कधीच गेलेला. एकुलता एक मुलगा पलटणीत, खेचरं सांभाळायच्या कामावर. जनावरांचा त्याला नाद होता, म्हणून त्याला तिकडं घेतलं असं ती अभिमानानं सांगे. बरोबर सून असायची, अठरा-एकोणीस वर्षांची. उन्हाळ्यात लग्न झालं आणि दिवाळीच्या आत तो पलटणीत गेला, एवढाच तिचा संसार. मुलाची पत्रं मराठीत यायची, कुणीतरी सोबती लिहून देई. तांबडी गाय व्याली का, गोठ्याची मागची भिंत लिंपली का, असलंच काहीबाही त्यात असे. बायकोला त्यानं कधी वेगळी ओळ लिहिली नाही. पण गोठ्याची भिंत सून लिंपते हे त्याला ठाऊक होतं, आणि ते वाक्य मी वाचू लागलो की ती खाली बघून हसायची.

मग पत्रं थांबली. पाचएक महिन्यांनी टाइप केलेला कागद आला. सासूनं तो पदराच्या गाठीतून काढला. घामानं घडी मऊ पडली होती. मी वाचला. ब्रह्मदेशाच्या बाजूला त्याची तुकडी मागं हटली, त्या दिवसापासून तो बेपत्ता आहे, असं लिहिलं होतं. शेवटची ओळ होती: यापुढं काही बातमी मिळाली तर आपल्याला ताबडतोब कळवण्यात येईल.

पहिला भाग मी खरा सांगितला. सासूनं विचारलं, मेला का म्हणून. तसं लिहिलेलं नाही, मी म्हणालो, कुठं आहे ते त्यांना समजत नाही, एवढंच. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. खाली अजून एक ओळ राहिलेली तिला दिसत होती. तिनं तिच्यावर बोट ठेवलं.

मी म्हणालो, “बातमी मिळाली की लगेच कळवतील, असं आहे, मावशी.”

‘तर’ ओठांवर आलं होतं. तिच्याकडं बघून ते म्हणवलं नाही. त्या वेळी वाटलं, एका अक्षरानं काय बिघडतंय. तिनं ते वाक्य पुटपुटून पाठ केलं आणि सुनेला म्हणाली, “आयकलंस न्हवं? कळलं की कळिवत्याल.” दोघी उठल्या आणि उन्हातून डोंगराकडं चालू लागल्या.

पुढं ती बाजाराला आली की शाळेवरून जाताना आत डोकावायची. अजून काही आलं नाही, असं मीच आधी सांगायचो. ती म्हणायची, “यील की. लिवलंय त्येंनी.” वस्तीवर, पाणवठ्यावर, देवळात ती सगळ्यांना तेच सांगत होती.

दीडएक वर्ष गेलं. सुनेचं माहेर भाटघरच्या बाजूला होतं. तिचा थोरला भाऊ तिला न्यायला आला. सारोळ्याचा एक शेतकरी, बायको बाळंतपणात गेलेली, पदरात लहान मुलगी. त्याच्याशी बहिणीचा पाट लावून द्यावा असं भावाच्या मनात होतं. माणूस सरळ होता, भावकीतल्या जाणत्यांचाही होकार होता. सासूनं मात्र साफ नकार दिला. सरकारनं लिहून दिलंय, बातमी येणार आहे, तोवर माझी सून कुठं जायची नाही. भाऊ म्हणाला, मग कागद मास्तरांना दाखवू.

तिघं शाळेत आले. भाऊ शांत माणूस होता. पागोटं मांडीवर ठेवून त्यानं मला विचारलं, “गुरुजी, नीट बघून सांगा. खबर येणार हाय असं लिवलंय, का आली तर सांगू असं लिवलंय?”

इतकं नेमकं त्यानं विचारलं. इंग्रजीचं एक अक्षर न शिकलेल्या त्या माणसाला तो फरक कळत होता. मी कागद पुन्हा वाचल्यासारखं केलं. सासू माझ्याकडं बघत होती. सून दाराशी उभी होती आणि तिचं लक्ष बाहेर होतं. खरं सांगितलं असतं तर सासूसमोर मी दीड वर्षांचा खोटा ठरलो असतो. पहिल्यांदा मी दयेपोटी बोललो होतो. या वेळी स्वतःला वाचवायला बोललो. म्हणालो, “कळलं की कळवतील, असंच आहे.”

भावानं पागोटं डोक्यावर ठेवलं. त्यानं वाद घातला नाही. लिहिलेला शब्द त्यानं मानला आणि तो एकटाच परत गेला. त्या वर्षाच्या लगीनसराईत सारोळ्याच्या माणसानं दुसरीकडं सोयरीक केली.

लढाई संपली. आसपासची पोरं परत आली. एक जण पायानं अधू होऊन आला, पण आला. या घरी कुणी आलं नाही आणि कागदही आला नाही. सासूला दिसायचं कमी झालं, बाजाराला यायची थांबली.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत सून एकटी शाळेत आली. कागद तिच्याजवळ होता. घडीवर फाटून त्याचे चार तुकडे झाले होते. ते तिनं टेबलावर नीट जुळवले आणि शेवटच्या ओळीतला एकेक शब्द बोट ठेवून सांगा म्हणाली. याआधी ती माझ्याशी थेट बोलल्याचं मला आठवत नाही.

मी ‘इफ्’वर बोट ठेवलं आणि सांगितलं, “याचा अर्थ ‘जर’. बातमी मिळाली तर कळवू, असं आहे. मी ‘की’ म्हणालो. आधी तुझ्या सासूला, मग तुझ्या भावाला.”

तिनंही त्या शब्दावर बोट ठेवलं. दोनच अक्षरं. मग म्हणाली, “मंजी, न कळवायचंबी लिवल्यालंच हाय त्यात.”

मी हो म्हणालो. आपलं चुकलं, असंही काहीतरी म्हणालो. वस्तीवर येऊन सासूला सगळं सांगतो, तुला माहेरी जायला मोकळं करतो, असं म्हणालो. ती चिडली असती, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं तुकडे एकावर एक ठेवले.

“नगा येऊ गुरुजी,” ती म्हणाली. “आत्याबाई त्येवढ्यावर जेवत्यात. ते काडून घितलं तर काय खात्याल?”

आणि तू, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही. तो विचारायचा हक्क मी तिच्या भावापुढं खोटं बोललो त्या दिवशी घालवला होता, की त्याच्याही आधी, ते अजून ठरवता आलेलं नाही.

ती सासूजवळच राहिली. म्हातारीला भरवणं, गुरं, शेरडं, दरवर्षी गोठ्याची भिंत, सगळं तीच करी. भोर संस्थान विलीन झालं त्या सुमाराला म्हातारी गेली. शेवटपर्यंत, कागद आला का, म्हणून विचारत होती असं वस्तीवरच्या लोकांकडून ऐकलं. दिवसकार्य झाल्यावर भाऊ येऊन बहिणीला भाटघरला घेऊन गेला. तांबड्या गाईची एक कालवड तेवढी तिनं बरोबर नेली.

त्यानंतर माझी बदली भोरला झाली. बऱ्याच वर्षांनी एकदा तिथल्या बाजारात ती दिसली. केस कानाजवळ पांढरे व्हायला लागले होते, बरोबर भावाची मुलं होती. तिनं मला ओळखलं, थांबली, माझ्या घरच्यांची विचारपूस केली. धाकट्याला म्हणाली, गुरुजींच्या पाया पड. ते पोर वाकलं आणि मी पाय मागं घेतले. मी का मागं सरलो ते पोराला कळलं नाही. तिला कळलं असावं. मग ती मुलांना घेऊन कासाराच्या दुकानाकडं गेली.