हिरव्या हळदीचा मामा

माझ्या भाच्याच्या लग्नात नवरा-नवरी दोघंही हिरवे होते, आणि त्याला जबाबदार मी एकटाच.

त्याआधी दोन महिने मी ग्रीन टी पीत होतो. ऐरोलीत आमच्या वरच्या मजल्यावर आयटीतली एक मुलगी भाड्याने राहते. ती म्हणाली, "काका, ग्रीन टी घ्या. वजन उतरतं, स्किन ग्लो करते." झालं! मी दिवसाला सात कप रिचवू लागलो. वजन पाव किलो उतरलं (काट्यावर चपला काढून उभं राहायचं, ही अक्कलही त्याच काळात आली), पण गाल असे चकाकले की दाढी करताना आरसाच डोळे मिटायचा!

असा हा तेजस्वी मामा हळदीच्या सकाळी दिघ्याला ताईकडे पोचला. ताई रडवेली. नवरदेव निखिलच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं, कपाळभर पुरळ.

"भाऊ, उद्या लगीन न् पोराच्या तोंडावर तेज नाय! नवरीकडचे काय म्हनतील?"

"टेन्शन नको घेऊ ताई. मामा हाय ना!"

"म्हनूनच टेन्शन हाय. तू पाहुन्यांना बसव. हळदीला हात लावू नको."

मी हात लावलाच नाही. चमच्यानं कालवलं! माझ्या पिशवीत ग्रीन टीची बारीक पूड होती. पाकिटावर छापलेलं: पुरळ बसतं, सूज उतरते, तेलकटपणा जातो. चिमूटभर पुरली असती. पण सख्खा भाचा! प्रेम काय चिमटीनं मोजतात? अख्खं पाकीट ओतलं. कालवलेल्या हळदीचा रंग जरा फिरला, म्हणून वरून चार चमचे कोरी हळद पसरली. वरवर बघाल तर अस्सल पिवळी!

मंडपात पहिल्या सुवासिनीनं वरची हळद लावली. छान. दुसरीनं जरा खोल बोटं घातली. तिसऱ्या सुवासिनीला लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण मधेच थांबली.

"अगो बाय! पोरगा पिकायचा सोडून कच्चा झाला!"

निखिल गळ्यापर्यंत हिरवा. ग्रीन टीचं रिकामं पाकीट नाचवत ताई कडाडली, "भाऊ कुठं हाय?"

भाऊ मंडपामागे, गॅसच्या सिलिंडरांआड.

पण खरा घोळ पुढेच होता. नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लावायची, हा आपला रिवाज. ताईचे दीर कामाला वाघ! पहिलं बोट लागताच ते वाटीत तळातली हळद घेऊन, वर रुमाल झाकून नवरीच्या गावी, नावड्याला पसार झाले होते. निखिलला घासून धुण्यात तास गेला, तेव्हा कुठे ताईला ते आठवलं आणि तिनं फोन लावला.

"भावजी, गाडी फिरवा!"

"आता काय फिरवू? लावून पन झाली. पोरीची आजी लाटना घेऊन इचारते, ह्या रंगामागं डोका कोनाचा?"

ताईनं टाहो फोडला. "मोडलं माझ्या पोराचं लगीन!"

मी सिलिंडरला घट्ट मिठी मारली. तेवढ्यात नवरीचाच व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर हिरवीगार सूनबाई.

"आई, काय मस्त थंड वाटतंय! कसली हळद ही? अजून आहे का? माझ्या मावश्या मागतायत!"

ताईचं रडं तिथल्या तिथे सुकलं. पदर सावरून म्हणाली, "हाय की! ग्रीन टीची हाय. खास माझी आयडिया!"

पातेलंभर हळद नावड्याला गेली. उरलेली दिघ्यात आत्या, काक्या, करवल्या, धवलारीण, सगळ्यांनी थापली. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची मंडळी धुऊन-पुसूनही पोपटी. पण तजेला असा, की फोटोग्राफरनं लायटिंग बंद केलं!

मी मात्र भीतीनं एक बोटही लावून घेतलं नव्हतं. मंगलाष्टकांना नवऱ्यामागे उभं राहायचा मामाचा मान. फेटा बांधून ऐटीत निघालो, तर नवरीच्या आजीनं वाट अडवली.

"ह्यो बिनरंगाचा मानूस कोन? आपल्यातला तं दिसत नाय!"

मी आशेनं ताईकडे पाहिलं. तिनं हिरवी मान दुसरीकडे वळवली.

"कोन जाने बाय! केटरिंगवाला आसंल."

अख्ख्या अल्बममध्ये माझा एकच फोटो आहे. फेटा बांधून मी आइस्क्रीमच्या काउंटरमागे उभा आहे, समोर पोपटी पाहुण्यांची ही रांग, आणि मी निमूटपणे वाढतोय!